हिरवा खंड

लाल खंड जन्मांचे, हिरवे लग्नांचे, काळे मृत्यूंचे.
पट्ट्याला धरून ओढायचे, उतरत्या मेजावर टाकायचे.
लंडनच्या त्या नोंदणी केंद्रात दिवसभर तोच धप्प आवाज,
गोदीत गोण्या उतरवल्यासारखा.

मी ग्रिम्सबीहून पहाटेच्या बसने यायचे,
पणजोबांसाठी. ओबदाया क्रेक, दोर वळणारा.
मार्च तिमाहीत पणजीशी लग्न,
ते सापडलं होतं कधीच.
सप्टेंबरचा खंड मी का ओढायला गेले, आठवत नाही.
पट्ट्यावर आधीच एक हात होता.

"क्रेक बघून लगेच देते हं," ती म्हणाली.
स्वान्सीची ग्वेनलियन, चष्मा दोरीने गळ्यात.
तिचाही ओबदाया.
तिचाही दोरच वळायचा.

तळघरात तिचं अंड्याचं सँडविच आम्ही अर्धं अर्धं खाल्लं.
कुणी कुणाची माफी मागायची, ठरेना.
मग एकदम तिनं विचारलं,
तुमच्यात अंगठा असा मागे वळतो का हो?

केंद्र बंद झालं. खंड कुठल्याशा गोदामात गेले.
ग्वेनलियन गेली त्याला सहा वर्षं होतील.
मुरंब्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं की
अजून तिचा अंगठा दिसतो
माझ्याच हाताला.