दुसऱ्या पाळीतले लोक

विणकर सोसायटी बंद पडून सव्वीस वर्षं झाली,
तिची हजेरीपत्रकं आता माझ्या फोल्डरमध्ये आहेत.
बिराजदार क्लार्कनी टाइप केलेली, जुन्या फॉन्टात,
ज्यात वेलांटी आधी दाबायची आणि रफार सगळ्यात शेवटी.
उघडलं की चिलवेरीच्या आधीच वेलांटी येऊन उभी,
गुर्रमचा रफार म वर जाऊन बसलेला.

सोमवारी एक लायब्ररी उतरवून घेतली.
सी मध्ये लिहिलेली, धावते अशी
की खालून चहा यायच्या आत चौदा हजार ओळी पार.
पण ती मोजते बाइट.
क्षि तिच्या लेखी बारा.
नाव पंचविसाव्या बाइटला कापते,
सुरी अक्षराच्या पोटातूनच जाते,
आणि उरतो एक काळा शंकरपाळा, आत प्रश्नचिन्ह.

तिला पायथनशी बांधलंय दुसऱ्याच कुणीतरी, घाईत.
मेमरी कुणी सोडायची
यावर दोघांत बोलणंच झालेलं नाही.
हा म्हणतो तो झाडेल, तो म्हणतो हा.
दुपारी दोनला सगळं कोसळतं,
तक्रारीची एक ओळसुद्धा न लिहिता.

आईनं विचारलं, बायंडिंग म्हणजे काय रे,
बीम जोडतात तसं?
मी हो म्हणणारच होतो.
बोटांना राख लावून तिनं किती वर्षं
संपत्या बीमचे धागे नव्या बीमला वळून दिले.
म्हणाली, गाठ फणीत अडली नाही पाहिजे.
एक धागा सुटला तर अख्ख्या चादरीत रेघ जाते.
इथे रेघ जात नाही, मी म्हणालो.
म्हणून तर झोप लागत नाही.

आणखी एक आहे, ती अंदाज करते.
पानभर नावं वाचून सांगते:
बहुधा रशियन, खात्री त्र्याहत्तर टक्के.
कन्ना चौकात भाजीवाली तोंड बघून तेलुगूत सुरू करते,
उत्तर आलं नाही तर कन्नडात, मग मराठीत,
भाव मात्र तिन्हीत तोच.

शेवटी शोध लावून पाहिला: दुसऱ्या पाळीत.
दोनशे बारा माणसं होती, आई सांगते.
सापडली सत्त्याण्णव.
बाकीची पानं गेल्या वर्षी कॉलेजच्या पोरांनी पुन्हा टाइप केलेली,
त्यांच्या कीबोर्डनं ऱ लिहिला तो र आणि खाली सुटं टिंब.
दिसायला एक, जुळवायला गेलं तर परके.
एकशे पंधरा माणसं कामावर आली होती
आणि यंत्राला दिसत नव्हती.

तिसरी लायब्ररी मंद आहे.
चार वर्षांत नवी आवृत्ती नाही.
लिहिणाऱ्यानं सुरुवातीलाच टीप ठेवलीय:
मुलगी लहान आहे, उत्तराला उशीर होईल.
खाली परवान्यात, जशी आहे तशी घ्या, हमी नाही.
मंगळवार बाजारात जुनी सायकल घेताना ऐकतो तेच.
रात्रभर चालवली. सकाळी
दोनशे अकरा.

बिराजदारांना फोन केला.
ते म्हणाले, झैबुन्निसा बघ, कांडी भरायची.
झ ने नाही रे. ज, खाली टिंब.
फॉन्टात ते टिंब नव्हतं,
बाई सही करायच्या आधी अडून बसायच्या,
मग ती जागा मोकळी सोडून
मी दर महिन्याला प्रिंटवर पेनानं नाव लिहायचो.

फाइलमध्ये त्या जागी खरंच काही नव्हतं.
दोन स्पेस, आणि पुढे पगार.
मी हातानं टाइप केलं: ज़ैबुन्निसा.
पुन्हा चालवून पाहिलं.
ऱ चं टिंब ती अक्षरात जिरवते,
ज़ चं वेगळं ठेवते.
चूक वाटली म्हणून नियम काढून वाचला.
नियमात तसंच आहे.
का, ते लिहिलेलं मला सापडलं नाही.