तिसरा घोडा

टिमकीत, सायकल दुकानाच्या ओट्यावर
गोपीचंद धकाते बुद्धिबळ शिकवायचे.
तीनचाकीच्या चाकाखाली वीट,
आणि मांडीपुढे पँट जिथे रिकामी व्हायची
तिथे घडी घालून दोन सेफ्टी पिना.
मिलच्या पट्ट्यानं पाय नेले, एवढंच सांगत.
बाकी सगळी गोष्ट सुन बिनची.

चीनमधला. तेवीसशे वर्षांपूर्वीचा.
एकाच गुरूकडे शिकलेल्या मित्रानं बोलावून घेतलं,
खोटा आळ घातला,
गुडघ्याच्या वाट्या काढल्या, तोंडावर गोंदलं.
"त्या पांग च्वानले वाटलं," सर म्हणत,
"अक्कल गुडघ्यात राह्यते."
आणि स्वतःच्या पिनांवर टिचकी मारत.

बिन म्हणजे तिकडे तोच दंड, वाटी काढण्याचा.
जन्मनाव राहिलंच नाही.
आपल्याकडे बिन म्हणजे वाचून.
बिनवाटीचा. बिननावाचा.
आम्ही पोरं ते नाव तोंडात घोळवायचो
संत्र्याच्या बीसारखं.

मग मे महिना, मोहल्ल्यांची स्पर्धा,
हॉलभर कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास.
तीन पाट, तीन पोरं.
कोण कुठं बसणार ते आधी कागदावर द्यायचं.
धरमपेठेच्या पहिल्या पाटावर देवपुजारी,
त्याचं घड्याळसुद्धा स्वतःचं.

आदल्या रात्री सरांनी मला एकट्याला
शर्यतीची गोष्ट सांगितली:
राजाच्या पहिल्या घोड्यापुढे आपला तिसरा,
दुसऱ्यापुढे पहिला,
तिसऱ्यापुढे दुसरा.
एक हार, दोन जिती.
मी टाळ्या वाजवल्या.
ते गप्प. मग म्हणाले,
"उद्या तुले पहिल्या पाटावर बसा लागते."
मला वाटलं, बढती.

हंसापुरीपर्यंत चालत आलो तेव्हा कळलं.

एकोणीस चालींत हरलो.
देवपुजारी हात मिळवताना दाराकडे बघत होता.
हेडाऊ जिंकला, मुश्ताक जिंकला, कप आला.
फोटोत मी डावीकडे, अर्धा कान बाहेर.
संध्याकाळी पोह्याच्या ठेल्यावर
सरांनी माझ्या पुड्यात दोनदा तर्री घालायला लावली,
बोलले काही नाही.
तिखटानं डोळ्यांत पाणी येतं,
हे फार सोयीचं असतं.

सुन बिननं पुढं चुली कमी केल्या.
पहिल्या मुक्कामी लाखाच्या, मग पन्नास हजार, मग तीस.
पांग च्वाननं राख मोजली, म्हणाला, पळाले भेकड,
आणि धावत सुटला त्या अरुंद दरीत
जिथं साल सोललेलं एक झाड
अंधारात त्याचं नाव घेऊन उभं होतं.

आमच्या गल्लीत माग होते चाळीस.
मग अकरा. मग दोन.
मोजणारे येतात, वहीत लिहितात, जातात.
ही माघार की डाव, हे सरांना विचारलं होतं.
ते म्हणाले, "तुह्या बापाले विचार."
बाप तेव्हा रात्री एटीएमवर वॉचमन होता.

त्या लंगड्याचं लिखाण दोन हजार वर्षं मातीत होतं,
एका थडग्यात, बांबूच्या पट्ट्यांवर.
दोरे कुजले, पट्ट्या सुटल्या,
कुठली ओळ कुठल्या ओळीनंतर, पत्ता नाही.
दोरा गेला की काय जातं
हे कोष्ट्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

सर गेले त्या वर्षी वीट मी उचलली.
आता ओट्यावर मी बसतो, धड पायांनी,
आणि कागद माझ्या हातात असतो.
दोन नावं पटकन लिहून होतात.
पहिल्या पाटापुढे पेन थांबतं.

तिसऱ्या घोड्याचं पुढं काय झालं,
त्याला चारा कुणी घातला,
परत येताना तो कुठल्या बाजूनं चालला,
हे कुणी लिहून ठेवलं नाही. मी शोधलं.

परवा वैदेही पौनीकर, वय दहा,
माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली,
"लिहा न सर माहं नाव. समजलं मले."
आणि चप्पल घालता घालता:
"पण चाळीस चालीआधी नाही हारणार.
त्याले घाम फोडूनच येते."