अर्धं ब्लेड

तलाव खोडायला किती वेळ लागतो?
सव्वा तास. मधला एक चहा धरून.

शाई एकदा ट्रेसिंगवर वाळली की रबर चालत नाही.
ब्लेड लागतं, अर्धं मोडलेलं,
आणि मनगट हलकं.
जोर झाला तर कागद फाटतो,
कमी पडला तर पाण्याची एखादी आडवी रेघ
पुसट मागे राहते, उजेडाकडे धरलं की दिसते.
माझा हात चांगला होता.
साहेब म्हणाले, महाशब्दे,
इथं काही होतं असं वाटत नाही हो.
सत्त्याऐंशीचा मार्च. खिडकीबाहेर निंबोळ्यांचा वास.

त्याआधीच्या हिवाळ्यात गफूरमियां जरीब ओढत
त्या सगळ्या काठाकाठाने फिरून आला होता,
गुडघ्यापर्यंत काळ्या मातीचे मोजे घालून.
बाबूजी, म्हणाला, वो ज़मीन पाँव पकड़ती है,
लिख लो कहीं.
मी लिहिलं. समासात, पेन्सिलीने.
पेन्सिल रबराने जाते.

मग ब्रश धुतला, पिवळा कालवला.
पिवळा म्हणजे राहती वस्ती.
बायपासकडे, देवासकडे, महूकडे,
दर पाच वर्षांनी माझा पिवळा सरकत गेला.
पेरूच्या बागा गेल्या, दोन ओढे गेले,
आणि एक विहीर, जिचं नावच नव्हतं,
नुसता गोल, आत टिंब.
निळी बाटली तळाशी घट्ट होऊन बसली.
मी नवीन मागवली नाही. कोणी विचारलंही नाही.

लोकांना घरं हवी होती, हे खोटं नाही.
मलाही हवं होतं.

आता मी राहतो त्या पिवळ्यातच,
मुलीच्या फ्लॅटमध्ये, चौथा मजला,
सोसायटीचं नाव लेक व्ह्यू.
बाल्कनीतून समोरची बाल्कनी दिसते.
माळव्याची रात्र म्हणे गार असते;
आमच्याकडे रात्रभर सहा मजल्यांचे एसी
गल्लीत गरम श्वास टाकत असतात.
एप्रिलमध्ये टँकर, सहाशे फुटांवर बोअर कोरडा,
मशीनने वर आणली ती फक्त पांढरी भुकटी,
ती कोपऱ्यातल्या तुळशीवर आठवडाभर होती.
आणि ऑगस्टमध्ये
तळघरात कमरेइतकं पाणी. बत्तीस स्कूटर.
एक मारुती, सीटवर बेडूक.

मीटिंग झाली. सेक्रेटरी चौरडिया म्हणाले,
काका, तुम्ही नगर नियोजनातले,
निगमला अर्ज तुम्हीच लिहा, चांगला कडक.
मी लिहायला बसलो :
आमच्या तळघरात दरवर्षी पाणी शिरते.
‘शिरते’ खोडलं.
वर लिहिलं, ‘परत येते’.
बराच वेळ ते बघत बसलो.
मग तेही खोडलं, पुन्हा ‘शिरते’ लिहिलं,
अर्जाची एक भाषा असते,
आणि खाली सही करायला तेवीस माणसं खोळंबली होती.

संध्याकाळी भाड्याचा पंप आला.
जाड पाईप फाटकातून रस्त्यावर सोडला,
पाणी गढूळ, डिझेलचे रंग अंगावर घेऊन निघालं.
मी छत्री घेऊन त्याच्या मागे मागे गेलो.
ते मेडिकलपाशी थबकलं,
ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून डावीकडे उतरलं,
शाळेच्या भिंतीशी जरा रुंद झालं.
ते वळण मला ठाऊक होतं.
मीच काढलं होतं ते, शून्य पूर्णांक तीनच्या पेनाने,
आणि मीच
पाठीमागून हॉर्न वाजला.
काकाजी, साइड में!
मी बाजूला झालो.
चप्पल चिखलात रुतली होती,
ओढली, तर निघेना.