सदर चढउतार

नकाशा माझ्या हातचा आहे.
मानखुर्दच्या खाडीकडचा तुकडा. भूखंड क्रमांक लिहीत नाही,
तो तीनदा बदलला.
राडारोड्याचा ढीग होताच तिथे:
पाडलेल्या चाळींच्या विटा, फरशा, एक अख्खं बेसिन,
वर घाणेरीची झुडपं.
मी फक्त ढिगाला वळण दिलं.
सोळाशे मीटर, अकरा उड्या,
आणि शेवटी एक लांब उतार,
जिथे स्वाराने श्वास सोडावा.

झेबा तुंगेकर खिडकीशी यायची, हेल्मेट काखेत.
'साहेब, तिसरी उडी दुसरीच्या फार जवळ पडते.'
तिने पावलांनी मोजलं होतं.
माझी टेप दीड फूट चुकली होती.
खोडलं. पुन्हा काढलं.

मग नस्ती निघाली.
उद्यान खातं म्हणालं, यात झाड नाही.
क्रीडा म्हणालं, यात चेंडू नाही.
लेखा विभागाने विचारलं, लेखाशीर्ष कोणतं?
आणि स्वतःच 'रस्ते' लिहून
रस्त्यांकडे धाडून दिलं.
अडीच महिन्यांनी तिथून शेरा आला, हिरव्या शाईत:
'सदर चढउतार नियमबाह्य असून
कंत्राटदाराच्या खर्चाने सपाट करून घ्यावेत.'
आम्ही हसलो, चहा मागवला.
पण त्या एका ओळीला उत्तर देण्यात
माझं वर्ष गेलं.

खारफुटी कुंपणापासून पन्नास मीटर हवी,
होती सत्तेचाळीस.
तीन मीटरसाठी पाहणी पथक आलं,
भरती होती, बूट भिजवून परत गेलं.
पुन्हा आलं तेव्हा
खारफुटीच दोन पावलं पुढे सरकली होती.
तिला कुणाची ना हरकत लागत नाही.

रात्रशाळेच्या गावंडे मास्तरांचं पोस्टकार्ड:
'डेसिबल मला कळत नाहीत.
ढिगावर दोन गाड्या असल्या, तरी
माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.
तीस आल्यावर मी काय करू?'
याला मी उत्तर दिलं नाही.
खाली पोच म्हणून तारीख टाकली.

आणि एक अर्ज, दोनशे बारा सह्या.
'गल्ली नंबर नऊला चार संडास, त्यातला एक कुलपात.
गाड्या उडवायला पालिकेकडे पैसे आहेत
तर आम्ही पहाटे साडेतीनला का उठायचं?'
पहिला अंगठा नसीम तुंगेकर.
झेबाला विचारलं, आईचा हा अर्ज तुला ठाऊक होता?
'मीच लिहिलाय, साहेब.
अम्मीला लिहिता कुठे येतं.'
हेल्मेटची काच तिने ओढणीने पुसली.
'रांगेत मी पण असते.'

त्या रात्री उशिरापर्यंत बसून
मी सुरुवातीच्या फाटकाजवळ वीस संडास काढले,
बारा बायकांचे, दार गल्लीकडे.
फार शहाणपणा वाटला तेव्हा.
पण संडास म्हटल्यावर खातं वेगळं.
नस्तीच्या दोन नस्त्या झाल्या,
एक दुसरीच्या अभिप्रायाची वाट बघत राहिली
आणि दुसरी पहिलीच्या.
एकतीस मार्चला संध्याकाळी
दोन्हींवर एकच शिक्का बसला:
निधी व्यपगत.

परवा दुसऱ्याच कामाच्या मोजणीला तिकडे गेलो होतो.
ढिगावर चाकांनी घासून घासून
माझी रेघ उमटली होती.
तिसरी उडी दीड फूट मागे. फावड्याचे वण ताजे.
बेसिन सुरुवातीच्या ठिकाणी, त्यात चुना.
एका जागी मात्र वाट अचानक डावीकडे वळत होती,
नकाशात तसं नव्हतं.
पुढे जाऊन पाहिलं तर निळ्या ताडपत्रीची झोपडी,
दाराशी बांधलेली शेळी,
आणि वाट तिला ऐसपैस वळसा घालून गेलेली.

नऊ नंबरचं कुलूप अजून तेच आहे, हेही पाहिलं.

खिशातून पेन्सिल काढून
पावतीच्या मागे ते डावं वळण उतरवून घेतलं.
कुठल्या खात्याला पाठवायचं,
ठरलेलं नाही.