देश निवडा

बाड्यावरच्या मोठ्या पोस्टात, चार नंबरच्या खिडकीशी
दर संक्रांतीच्या आधी यायचे ते, वजन उचलायला शिकवणारे सर.
नाव वार्दगेस. पोरं म्हणायची, वर्दी सर.
हातात गजकचा डबा, जुन्या चादरीत शिवलेला,
आणि काट्यावर ठेवण्याआधीच सांगायचे:
एक किलो सातशे चाळीस.
काट्याला त्यांना खोटं पाडणं कधी जमलं नाही.

पत्ता ठरलेला. हेघिने आत्या,
तूताशेन, चर्चच्या वरच्या अंगाचं घर.
तूत म्हणजे तुती, त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितलं होतं,
शेन म्हणजे वस्ती.
मला आधी शेणच ऐकू आलं आणि मी हसले.
का, म्हणून विचारलं. सांगितलं.
तेही हसले: तेही आहे तिथं, भरपूर.

एकदा माझ्या पाटीवर बोट ठेवलं. सौ. वि. कोंडवीकर.
हे कर काय?
कोंडवीचे. गाव आमचं.
कसं आहे?
पाहिलं नाही. शिंद्यांच्या फौजेबरोबर कुणी एक आला,
सात पिढ्या झाल्या. इथंच जन्मतो, इथंच जळतो.
ते म्हणाले, आमच्यात कार म्हणजे दगड.
खाच म्हणजे क्रूस. खाचकार, क्रूस कोरलेली शिळा,
गावाच्या तोंडाशी उभी,
तिच्या रेघांत पाऊस साठतो, चिमण्या पितात.
आमच्याही खाचेत पाणीच साठतं, म्हटलं,
आणि पावती फाडली.

मग ते वर्ष.
पेपरात आतल्या पानावर चार ओळी.
तूताशेनचं नाव नव्हतं त्यांत, असायचं कारणही नव्हतं:
साठ उंबरे, एक झरा, एक शाळा.
सरांनी मोबाइलवर रस्ता दाखवला.
गाड्यांच्या टपांवर गाद्या, ट्रॅक्टरमध्ये शिवणयंत्र,
एका म्हातारीच्या मांडीवर कोंबडी.
ही नव्हे आत्या, म्हणाले.
आत्याकडे मधमाश्या होत्या.
मधमाश्या कशा न्यायच्या?

जानेवारीत पुन्हा डबा.
आत्या आता कुठल्याशा शहरात, शाळेच्या हॉलमध्ये, खाट क्रमांक अकरा.
तिचा वेगळा पाठवला. हा गावाला.
गावात कोण आहे?
ते काट्याकडे बघत राहिले.
पडद्यावर चौकट: देश निवडा.
पूर्वी मी एक निवडायचे आणि डबा पोचायचा.
आता त्या डोंगरावर दुसरा झेंडा, गावाला दुसरं नाव,
तेही नाव कुणाच्या तरी आजोबांच्या तोंडचं असेल,
मला काय माहीत.
मला एवढंच माहीत की चौकट रिकामी ठेवली
तर यंत्र पुढे सरकत नाही.
मागून रांग ओरडली: मॅडम, जल्दी.
मी जुनाच देश निवडला.

अकरा महिन्यांनी डबा परत आला. चादर काळवंडलेली,
तीन लिप्यांतले शिक्के,
आणि एका चौकोनात फुली: पत्ता अपुरा.
त्यांनी नुसता तळहातावर तोलला.
चाळीस ग्रॅम कमी.

त्या संध्याकाळी हिशेब मिटवल्यावर,
सव्वीस वर्षं लोकांचे पत्ते शोधून दिले त्या खुर्चीत बसून
पहिल्यांदा टाइप केलं: कोंडवी.
तीन आल्या. तीन तालुके, तीन पिनकोड.
यातली आमची कुठली,
सांगणारं कुणी उरलेलं नाही.

सरांना सांगितलं, तर म्हणाले, तीन!
श्रीमंत आहात तुम्ही.
मग दातांनी शिवण उसवली,
डबा खिडकीतून आत सरकवला.
तीळ खवट झाले होते.
मी दोन तुकडे खाल्ले.