झाकण

सूचना न देता गेले.
नोटीस पाठवली की सगळं सापडतं,
प्रथमोपचाराची पेटी, नवी टॉवेलं,
भिंतीवर ओल्या गोंदाचा वास येणारं वेळापत्रक.
मी पायरी उतरले की ज्याचं त्याला परत जातं.

साखर पेठेच्या मागं, यंत्रमागांच्या बोळात,
पत्र्याखाली एक लांब खोली.
दुपारचे अडीच. बेचाळीस अंश.
तेवीस मुलं झोपलेली, भिंतीपलीकडं सोळा माग धडधडत,
आणि त्या धडधडीतच त्यांची झोप विणली जात होती.

पेंटम्मा मादूर दारात आली.
कमरेला किल्ल्या, बोटांना तंबाखूचा जुना वास;
तीस वर्षं विड्या वळल्या, मग खोकला, मग हे पाळणाघर.
"फोन तरी करायचा की ओ, मॅडम."

एकोणचाळीस प्रश्न.
खिडकीला जाळी: आहे.
बटणं मुलांच्या हाताबाहेर: एक सोडून.
अग्निशामक: "हाय की", ती म्हणाली,
आणि मी खिडकी मोजत असताना
एक पोरगा सायकलच्या कॅरियरवर लाल नळकांडं बांधून आला.
त्यावर टॉवेल कारखान्याचा शिक्का.
मी बघितलं. मी बघितलेलं तिनं बघितलं.
दोघी खिडकीकडं वळलो.

मग वीज गेली.
माग थांबले, आणि त्या शांततेनं
तेवीस मुलं एकदम जागी झाली.
रडणं, लाळ, ओल्या चड्ड्या,
माझ्या फॉर्मवर कुणाचा तरी पाय.
दीड वर्षांची भार्गवी मात्र रडली नाही.
ती रांगत सरळ कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाकडं निघाली.
नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, म्हणून पिंप काठोकाठ,
वर नुसता एक फाटका पंचा.

पेंटम्माच्या कडेवर एक, खांद्यावर एक,
तोंड तिसऱ्याकडं.
न बघता तिनं डावा पाय आडवा टाकला.
भार्गवी पायाला अडली, बसली, पायच चावू लागली.

या पायासाठी माझ्या फॉर्मात रकाना नाही.
असता, तर मी पैकीच्या पैकी दिले असते.
पण पाय दार उघडायला जातो,
पाय संडासला जातो,
पायाला कधीतरी ताप येतो.

तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका पेठेत,
मी ‘झाकण’ या शब्दापुढं बरोबरची खूण केली होती.
झाकण होतं.
त्या दिवशी होतं.

पेंटम्माला हे सांगितलं नाही.
फक्त लिहिलं: अपूर्ण. परवाना राखून. पंधरा दिवस.
तिचा चेहरा उन्हातल्या पत्र्यासारखा झाला.
"तेवीस आया कामावर हायत, मॅडम. कुठं ठेवतील लेकरं?"
मी टेप काढली आणि पिंपाचं तोंड मोजलं.
बावीस इंच. कागदाच्या तुकड्यावर लिहून तिच्या हातात दिलं.
ते माझं काम नव्हतं.
तिनं चहा दिला नाही. बरोबर होतं तिचं.

बाराव्या दिवशी गेले, पुन्हा न सांगता.
माग चालू. मुलं झोपलेली.
पिंपावर मागाच्या जुन्या फळ्यांचं झाकण,
त्यावर पाटा, दोघींना उचलावा लागेल असा.
फळीवर खडूनं तेलुगूत काहीतरी.
"काय लिहिलंय?"
"मूत पेट्टु."
मी दचकले. आणि पेंटम्मा पहिल्यांदा हसली,
खोकला येईपर्यंत हसली:
"तुमच्या मराठीतलं नव्हं ओ बाई!
झाकण ठेव, असं हाय ते.
नवीन पोरगी विसरती, म्हणून."

लाल नळकांडं अजून नव्हतं.
त्याच्यापुढं मी ‘नाही’ लिहिलं.
ती वाचत होती माझ्या खांद्यावरून.
म्हणाली, "लिवा. खरंच न्हाई."
मग चहा आला, कपाला टवका गेलेला,
आणि भिंतीपलीकडं माग चालूच होते.