शक्य तेथे

रात्रीचे अडीच. ब्रसेल्स. सातवा मजला.
काचेच्या खोक्यात बसून मी
मंत्र्यांची वाक्यं कानाने उचलते
आणि माझ्या भाषेत उतरवून ठेवते,
कपबशीला तडा जाऊ नये तशी.
शेजारी रेइनचं अर्धं सफरचंद लाल पडत चाललंय.
समोर कलम चौदा, पोटकलम तीन:
सदस्य राष्ट्रांनी जळाऊ खनिजांचा वापर बंद करावा.

"करावा"वर तीन तास गेले.
एकाला "करावाच" हवाय,
एकीला "करण्याचा प्रयत्न करावा",
आणि ज्याच्या देशात पुढच्या महिन्यात निवडणूक आहे
तो नुसता चष्मा पुसतोय.

आमच्या एस्टोनियात त्या खनिजाचं नाव साधं:
जळता दगड.
बाबांनी एकतीस वर्षं तो फोडला
पूर्वेच्या सीमेलगत, आमच्याच गावाखाली.
त्या सपाट मुलखात डोंगर एकच, राखेचा.
आम्ही त्यावरून घसरगाडी सोडायचो
आणि घरी यायचो ते दात तेवढे पांढरे घेऊन.

खाली कुणीतरी म्हणतं: बाधित घटक.
मी तोंड उघडते.
शब्द पाठ आहे, शेकडो वेळा वापरलेला,
साखरेच्या लेपातल्या गोळीसारखा गिळता येणारा.
आज येत नाही.
त्याच्या जागी येतात दोन हात,
नखांच्या कडेला कायमची काळी रेघ,
रविवारचे बटाटे सोलणारे.
दीड सेकंद.
आमच्या देशाचा माणूस कानातलं यंत्र टिचकी मारून बघतो,
लाईन गेली की काय.

बाधित घटक, मी म्हणते.
लाईन येते.

पावणेपाचला तोडगा निघतो.
कुणीच हरत नाही.
फाटकाखालून मांजर यावं
तसे दोन शब्द वाक्यात शिरतात:
शक्य तेथे.
टाळ्या. पेंगुळलेल्या, पण टाळ्या.
चोवीस भाषांत एकाच दमात
शक्य तेथे.

बाहेर ट्राम अजून सुरू नाहीत.
बाबांकडे घड्याळ तासभर पुढे,
म्हणजे ते उठून दारातला बर्फ काढत असणार.
काय ठरलं गं, माल्ले?
बंद करायचं ठरलं, बाबा. शक्य तेथे.
फावड्याचा आवाज थांबतो.
तेथे म्हणजे कुठे?
त्यांच्याकडे की आपल्याकडे?

मी वीस वर्षं उत्तरंच देत आलेय,
पण दुसऱ्यांची.

मग तेच म्हणतात,
दोन धुरांडी थंडावली ना, तेव्हापासून
बर्फ पांढराच राहतो.
पूर्वी उजाडेपर्यंत करडा व्हायचा,
कळायचं, पाळी चालू आहे.
आता दार उघडलं की नुसतं पांढरं,
कुणी राहतच नसावं असं.
तुझ्या आईला आवडलं असतं.

मी मात्र चादरी अजून
आतच वाळत घालतो.